बर्थिंगचं सिम्युलेशन आणि बिघडलेली भरती: या चुका टाळा

न्हावा शेवासारख्या बंदरात कुठलं जहाज कधी, कुठल्या बर्थला (धक्क्यावरच्या जागेला) लावायचं याची रंगीत तालीम हल्ली संगणकावर होते. मॉडेल चालतं, आलेख येतात, आणि तरी आकडे बंदराच्या नोंदींशी जुळत नाहीत. मग लोक कोड उलटापालटा करत बसतात. माझा सल्ला, आधी घड्याळ तपासा.

जहाजांच्या एआयएस नोंदी (जहाज आपलं ठिकाण आपोआप कळवतं त्या) यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली भरती-ओहोटीची कोष्टकं भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. आपल्या किनाऱ्यावर भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. त्यामुळे दोन्ही नोंदी तशाच एकत्र केल्या की भरतीच्या जागी जवळपास ओहोटीच येऊन बसते. प्रोग्रॅम कुठलीही एरर देत नाही, हीच खरी पंचाईत. चूक पकडायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. हा ढोबळ अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होणारच. पण पौर्णिमेला तुमचं मॉडेल संध्याकाळी सहाला भरती दाखवत असेल, तर क्रेनचा वेग नंतर बघा.

घड्याळ जुळलं तरी मॉडेल आठवडाभरच चालवणं ही पुढची चूक. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचं चक्र जवळपास पंधरवड्याचं असतं. आठवड्यात तुमच्या हाती बहुधा एकाचंच पाणी लागतं. शिवाय कंटेनर जहाजांच्या सेवा बहुतेक साप्ताहिक असतात आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत हे सरकणं जवळजवळ सहा तासांचं होतं. या बुधवारी सकाळी भर भरतीत आलेलं जहाज पुढच्या बुधवारी त्याच वेळी आलं तर त्याला ओहोटी भेटते! जास्त ड्राफ्टचं, म्हणजे पाण्यात खोल बसणारं जहाज असेल तर त्याचा एक आठवडा सुखाचा आणि दुसरा खोळंब्याचा जाणार. दोन्हींची सरासरी काढून मॉडेलमध्ये घातली की हा प्रश्न कागदावरून गायब होतो, बंदरातून होत नाही.

इथेच आणखी एक गोंधळ दिसतो. ‘क्रेनचा वेग वाढवला तरी जहाज लवकर सुटत नाही, मॉडेल बिघडलंय का?’ बहुधा नाही. भरतीवर सुटणाऱ्या जहाजाचं काम दोन तास आधी संपलं तरी ते पाणी चढेपर्यंत बर्थ अडवूनच बसतं. उलट, पाणी उतरल्यावर अर्ध्या तासाने काम संपलं तर पुढच्या भरतीपर्यंत बर्थ गुंतलेला. फायदा पायऱ्यापायऱ्यांनी मिळतो, सलग चढ शोधू नका.

जहाजांच्या येण्याबाबत दोन टोकं टाळा. वेळापत्रक जसंच्या तसं घातलं की रांगच लागत नाही. आगमन पूर्ण यादृच्छिक धरलं की रांग उगाच फुगते. वेळापत्रक घ्या आणि त्यावर प्रत्यक्ष नोंदींतला उशीर चढवा.

‘बर्थ ८० टक्केच वापरात आहे, अजून वाव आहे’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. एकच बर्थ, येणंही अनियमित आणि कामाचा वेळही, अशी सर्वांत साधी रांग घ्या. वापर ५० टक्के असताना सरासरी प्रतीक्षा एका जहाजाच्या सरासरी कामाच्या वेळेइतकी असते. ८० टक्क्यांना ती चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट. बर्थ अनेक असतील तर आकडे बरेच सौम्य होतात, पण शेवटी उसळी तशीच असते.

बर्थवरचा वेळ म्हणजे कंटेनर भागिले वेग, इतका सोपा हिशेबही नको. पायलट (जहाजाला वाट दाखवणारा), टग (जहाज ओढणारी बोट), दोर बांधणं, लॅशिंग (कंटेनरचे बंध) सोडणं हे सगळं त्यात धरा. एकाच रुळावरच्या क्रेन एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. यार्डात ट्रेलर अडकले तर धक्क्यावरची क्रेन रिकामी लटकते. सलग धक्क्याचे ठरावीक तुकडे पाडू नका. जहाजाची लांबी आणि दोन जहाजांमधली मोकळी जागा मोजा.

सुरुवातीला मॉडेलमधलं बंदर रिकामं असतं, म्हणून पहिले काही दिवस हिशेबातून वगळा. एकाच रनवर विसंबू नका.

आणि न्हावा शेवाचं जमलेलं मॉडेल उचलून डहाणूजवळच्या वाढवणला लावू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या बंदराच्या आराखड्यात प्रत्येकी १००० मीटरचे नऊ कंटेनर टर्मिनल आहेत आणि नैसर्गिक खोली सुमारे २० मीटर. तिथे भरतीसाठी थांबणं कमी होईल. पण न्हावा शेवा मुंबईच्या खाडीच्या आडोशाला आहे, वाढवण उघड्या समुद्रावर. तिथे लाटरोधक भिंत, पावसाळ्यातल्या लाटा आणि पायलटला जहाजावर चढता येईल का, हे निकष नव्याने मांडावे लागतील. न्हावा शेवाच्या मॉडेलमध्ये त्यांच्यासाठी बहुधा रकानाच नसेल.