इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची आम्सहाऊसेस बघायची तर वरून खाली या

सगळ्यात आधी सांगतो, खालून सुरुवात करू नका. मी पहिल्यांदा किंग स्ट्रीटवरून वर चढलो आणि सेंट मायकल्स हिलवर पोचेपर्यंत असा धापा टाकत होतो की इमारत बघायचं त्राणच उरलं नव्हतं. टॅक्सी करा, बस घ्या, काहीही करा, पण टेकडीवरून उतरत या.

आम्सहाऊस म्हणजे धर्मशाळा नाही हां. धर्मशाळेत वाटसरू रात्रभर टेकतो, इथं गावातल्या गरीब म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत राहायला खोली मिळायची आणि पैसे बहुतेक वेळा एखाद्या गब्बर व्यापाऱ्याचे. त्यामुळे बघताना आधी दारं मोजायची, मग धुराडी, त्यावरून साधारण किती जणांची सोय होती ते कळतं.

वर पहिलं लागतं ते १६९१ चं कोलस्टनचं. तीन बाजूंना घरं, मधे अंगण, चौथी बाजू रस्त्याकडे, आणि फाटकात उभं राहिलं की समोर बरोब्बर मधोमध चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, त्याच्यावर घंटेचा छोटा मनोरा. रस्त्यानं जाणाऱ्याला दान दिसलंच पाहिजे असा हा नकाशा आहे असं माझं मत. दाता एडवर्ड कोलस्टन गुलामांच्या व्यापारात होता, २०२० च्या जूनमध्ये लोकांनी ज्याचा पुतळा ओढून बंदरात टाकला तोच हा. इमारत सुंदर आहे, पैसा कुठून आला तेही माहीत असू द्या. आणि फाटकाबाहेरूनच बघा, आत लोक राहतात.

तिथून उतरत ख्रिसमस स्टेप्स नावाच्या पायऱ्यांच्या गल्लीच्या डोक्यावर या, तिथं फॉस्टरचं आम्सहाऊस आहे. इथं भलेभले फसतात. संस्था १५व्या शतकातली, शेजारचं थ्री किंग्ज ऑफ कोलोनचं चॅपलही त्याच काळातलं, पण समोर दिसणारी लाल विटांची नक्षी, उभी छपरं, कोपऱ्यातला गोल जिन्याचा बुरूज हे सगळं १९व्या शतकात नव्यानं बांधलेलं, तेही फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या धाटणीत. म्हणून कुठंही स्थापनेचं साल वाचलं तरी ते इमारतीचं साल धरून चालू नका. गल्लीच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला भिंतीत दगडी बैठका आहेत, तिथं दोन मिनिटं बसा, जवळच्या दगडावर ही गल्ली सप्टेंबर १६६९ मध्ये पायऱ्यांची करून पुरी झाली असं कोरलेलं आहे.

मग खाली किंग स्ट्रीट. इथलं मर्चंट व्हेंचरर्स या व्यापाऱ्यांच्या संस्थेचं, १६९०च्या दशकातलं, म्हाताऱ्या खलाशांसाठी, गुलाबी भिंती, त्यावर रंगवलेलं संस्थेचं चिन्ह. भिंतीवर कवितेची पाटी आहे ती सोडू नका, वादळं संपली, आता म्हातारपण इथं काढतोय असं खलाशीच बोलतायत. आता अंगणाकडे बघा आणि वरचं कोलस्टनचं आठवा. ते एका बाजूनं मुद्दाम उघडं ठेवलेलं, इथं मात्र पूर्वी घरांचा पुरा चौकोन होता, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात काही भाग गेला म्हणून ते उघडं दिसतं. नुसत्या फोटोत हा फरक कळत नाही.

त्याच रस्त्यावर १६६४ चं लँडोगर ट्रो नावाचं पब आहे, पाय दुखत असतील तर त्याच्यासमोर जाऊन बसा.