बालसाहित्य आणि फँटसीचा अभ्यासक व्हायचे असेल तर

बालसाहित्य आणि फँटसी यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या बहुतेकांची सुरुवात लहानपणी मनात घर करून बसलेल्या एखाद्या पुस्तकापासून होते. ही ओढ जपावी, कारण पीएच.डी.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रबंधाचे प्रकरण जागचे हलेनासे होते, तेव्हा तीच कामी येते. मात्र ती म्हणजे संशोधनाचा विषय नव्हे. विषय मिळतो तो त्या पुस्तकात आपल्याला अडलेल्या जागी: इथे लेखक गप्प का झाला, हे पात्र दुसऱ्या भागात अचानक सौम्य का झाले, हे वाक्य नेमके कोणासाठी लिहिले आहे?

म्हणून माझा आग्रह असा, की सिद्धान्ताची पुस्तके उघडण्यापूर्वी एका कथेच्या मिळतील तेवढ्या आवृत्त्या समोर ठेवून त्या ओळीने ताडून पाहाव्यात. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाइतके चांगले उदाहरण या कामासाठी दुसरे नाही. १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुंझेल आपल्याला सांभाळणाऱ्या परीला भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे अलीकडे इतके घट्ट का होऊ लागले आहेत. तिला दिवस गेले आहेत, हे मोठ्या वाचकाला तेवढ्यावरून समजते. १८५७ सालच्या सातव्या आवृत्तीत राजपुत्र चोरून मनोऱ्यात येतो हे तिचे गुपित फुटते ते वेगळ्याच वाक्याने: तुम्हाला वर ओढून घेताना मला राजपुत्रापेक्षा इतका जास्त भार का लागतो, असे ती बोलून जाते. मधल्या काळात परीची चेटकीण झालेली आहे, आणि त्याच संग्रहातील हिमगौरीच्या कथेत सख्ख्या आईच्या जागी सावत्र आई आलेली आहे. विद्वत्तापूर्ण टिपांसह निघालेला हा संग्रह मुलांच्या हाती देण्याजोगा नाही अशी टीका झाली, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये, मुख्यतः विल्हेल्म ग्रिम यांच्या हातून, तो मुलांचा होत गेला. दोन वाक्यांमधला हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या अभ्यासकाला बालसाहित्य ही कोणीतरी, कोणासाठी तरी, काहीतरी गाळून घडवलेली वस्तू असते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

याच जागेवरून या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न सुरू होतो. मुलांची पुस्तके मोठी माणसे लिहितात, छापतात, विकत घेतात आणि निवडतात. मग या साहित्यातले मूल खरोखर कोण असते? ब्रिटिश समीक्षक जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली हा प्रश्न इतक्या कडक शब्दांत मांडला, की बालसाहित्य असे काही शक्यच नाही, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र झाले. कॅनडाचे अभ्यासक पेरी नोडेलमन यांनी २००८ साली मुलांच्या पुस्तकात दडून बसलेल्या प्रौढाचा शोध घेतला. या दोघांशी सहमत होण्याची गरज नाही, परंतु आपले उत्तर तयार असल्याशिवाय प्रबंधाचा आराखडा सादर करू नये.

फँटसीच्या सिद्धान्ताचे वाचन शक्यतो कालक्रमाने करावे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेले व्याख्यान, समीक्षक तोदोरोव्ह यांनी १९७० साली मांडलेली, घडले ते खरेच अद्भुत की त्याला साधे कारण आहे या वाचकाच्या संभ्रमाची कल्पना, ब्रायन अ‍ॅटेबेरी यांनी १९९२ साली फँटसीला दिलेली, मधला गाभा स्पष्ट पण कडा धूसर असलेल्या संचाची उपमा, आणि फॅरा मेंडलसन यांनी २००८ साली केलेले फँटसीचे चार प्रकार, एवढे पचवले तर पाया पक्का होतो. मेंडलसन विचारतात, की अद्भुत गोष्ट कथेत शिरते कशी. कधी पात्र दार ओलांडून दुसऱ्या जगात जाते. कधी आपण सुरुवातीपासून त्याच जगात असतो. कधी अद्भुत आपल्या ओळखीच्या जगात घुसते. आणि कधी ते उंबरठ्यावरच थांबते. आपल्या आवडीचे एक पुस्तक या चार खणांत बसवून पाहावे, आणि ते जिथे बसत नाही त्या जागेवर पाच पाने लिहावीत. पहिला शोधनिबंध बऱ्याचदा त्या पाच पानांतूनच निघतो.

नोकरीच्या बाबतीत वास्तव आधी समजून घेणे बरे. या विषयाच्या नावाने निघणारी पदे मोजकी असतात. अभ्यासक साहित्य, शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, लोकसाहित्य किंवा तौलनिक साहित्य यांपैकी एखाद्या विभागातून आत येतो आणि तिथे आपला अभ्यासक्रम उभा करतो. चित्र बदलते आहे हेही खरे: ग्लासगो विद्यापीठाने २०१५ साली फँटसीचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि २०२० साली त्याच विषयाचे संशोधन केंद्र उघडले. तरीही पदवी घेताना दुसरा आधार जोडून ठेवावा, उदाहरणार्थ मध्ययुगीन साहित्य, चित्रकथा किंवा भाषांतर. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावलौकिकापेक्षा ते प्रकरणांचे मसुदे वाचून वेळेवर परत देतात का, याची त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी.

अभिलेखागारातील काम टाळून या क्षेत्रात फार दूर जाता येत नाही. येला लेपमन यांनी १९४९ साली म्युनिकमध्ये स्थापन केलेले आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय अनेक भाषांतील मुलांची पुस्तके जतन करते आणि परदेशी संशोधकांना तिथे राहून काम करण्यासाठी शिष्यवृत्तीही देते. त्याच वर्षी एडगर ऑझबर्न या इंग्रज ग्रंथपालाने दिलेल्या मुलांच्या पुस्तकांतून कॅनडातील टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयातील संग्रह उभा राहिला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या केर्लन संग्रहात मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखिते आणि मूळ चित्रे पाहता येतात. जाण्याआधी सूची वाचून हव्या असलेल्या पेट्यांची यादी पाठवावी. तिथे पेन बाजूला ठेवून पेन्सिल वापरावी आणि प्रत्येक कागदाच्या नोंदीबरोबर पेटीचा व फाइलचा क्रमांक त्याच क्षणी लिहावा. परतल्यावर संपादकाचे एखादे महत्त्वाचे पत्र नेमके कुठल्या फाइलमधले होते हे सापडले नाही, तर ते पत्र निबंधात वापरता येत नाही. छापील प्रतीत नसलेला, पण मसुद्यात खोडलेला परिच्छेद, चित्राच्या मागे चित्रकाराने लिहिलेली सूचना, संपादकाने समासात मांडलेले प्रश्नचिन्ह, याच गोष्टी कुठल्याही संकेतस्थळावर बसून मिळत नाहीत.

चर्चासत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर १९७० साली स्थापन झालेल्या बालसाहित्य संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते, आणि तिथे वीस मिनिटांत एकच मुद्दा नीट मांडावा. तो मुद्दा श्रोत्यांच्या प्रश्नांवर तासून मग नियतकालिकाकडे पाठवावा. परीक्षकांनी निबंध परत केला तर त्यांचे अभिप्राय आठवडाभर बाजूला ठेवावेत आणि नंतर एकेका हरकतीला लेखी उत्तर द्यावे.

इंग्रजीबाहेरची एखादी भाषा चांगली येत असेल, तर तिला अडगळ समजू नये. या क्षेत्रातील बरेचसे सिद्धान्त इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन पुस्तकांवर उभे आहेत, आणि इतर भाषांतील मुलांच्या कथांपुढे ते किती टिकतात हे तपासणारे अभ्यासक कमी आहेत. ज्या भाषेत आपण आजीच्या तोंडून राक्षसाच्या गोष्टी ऐकल्या, त्या भाषेत अद्भुताला कोणते शब्द आहेत, याची टिपणवही आजपासून सुरू करावी.

शिकवण्याची संधी मिळाली, की पहिल्या तासाला रापुंझेलच्या त्या दोन्ही आवृत्त्यांतील उतारे विद्यार्थ्यांना साल न सांगता वाचायला द्यावेत, यांतला आधीचा कोणता आणि तो कशावरून, एवढेच विचारावे, आणि पुढचा अर्धा तास त्यांना बोलू द्यावे.