कंबरदुखी आणि जमिनीवरचं घड्याळ

एमआरआयमध्ये काळजीचं काही निघालं नाही, तरी कंबर ठणकायचीच. १२ आठवड्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीला डॉक्टर जुनाट म्हणतात, माझी त्यातलीच. खरं तर भीती जास्त छळायची. वाकायचं म्हटलं की श्वास अडकायचा, पाठ ताठ व्हायची.

फिजिओथेरपिस्टताईंनी सावकाश हालचालींतून शरीर समजून घ्यायला शिकवणाऱ्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्या पद्धतीतलं ‘घड्याळ’ शिकवलं. गुडघे दुमडून उताणं झोपायचं, कमरेखाली तबकडी आहे असं समजायचं. बारा डोक्याकडे, सहा माकडहाडाकडे. ओटीपोटाचा भाग बाराकडे कलवला की कंबर जमिनीला टेकते, सहाकडे किंचित उचलली जाते. सावकाश, दुखायच्या अलीकडेच थांबत. पुढे तेच उभ्याने, गाण्याच्या लयीत, हातांसकट.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण आता खाली बसून भाजी निवडते. पाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा.