लॅपटॉप सुरू होत नाही? ‘मदरबोर्ड गेला’ हे ऐकून घेण्याआधी या चुका टाळा

काउंटरवर लॅपटॉप ठेवला, बटण दाबलं, स्क्रीन काळीच राहिली, की बऱ्याच ठिकाणी निकाल उभ्या उभ्या लागतो: ‘मदरबोर्ड गेलाय.’ कधी कधी ते खरंही असतं. पण काळ्या स्क्रीनमागे चार्जर, बॅटरी, रॅम (मेमरीची पट्टी), डिस्प्लेची केबल, पॅनेल (खुद्द स्क्रीन) यांपैकी काहीही असू शकतं आणि या सगळ्यांपेक्षा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, महाग. त्यामुळे त्याच्यावर सगळ्यात शेवटी यायचं. घरात वीस मिनिटं घालवली तर दुकानात काय सांगायचं आणि किती पैसे मोजायचे, दोन्ही कळतं.

‘चालूच होत नाही’ एवढंच सांगणं

या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. एकही दिवा लागत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. कंपनीचा लोगो येतो आणि गाडी तिथेच अडते. पहिल्यात वीजपुरवठा बघायचा, दुसऱ्यात रॅम आणि डिस्प्ले, तिसऱ्यात बहुधा डिस्क. आणखी एक खूण लोक बघतच नाहीत, ती म्हणजे दिव्याची उघडझाप. अलीकडच्या बऱ्याच डेल मशिनवर दिवा दोनदा पिवळा, मग तीनदा पांढरा लुकलुकला तर त्याचा अर्थ ‘रॅम सापडत नाही’. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दुकानात उपयोगी पडतो.

दिवाच लागत नाही म्हणून थेट नवीन बॅटरी

आधी चार्जर काढा, पॉवर बटण सलग तीस सेकंद दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा. बोर्डावरचं वीज सांभाळणारं सर्किट कधी कधी अडकून बसतं, ते यात मोकळं होतं. फुकटचा उपाय आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा चालतो.

नाही चालला तर चार्जर तपासा. पुण्यात तापकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) सहज मिळतो. गोल पिनच्या अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट लिहिलं असेल तर मीटरवर त्याच्या आसपासचाच आकडा दिसायला हवा. मात्र आकडा बरोबर आला म्हणून चार्जर निर्दोष ठरत नाही. काही चार्जर रिकामे असताना ठीक दाखवतात आणि लॅपटॉपचा भार आला की बसतात. खात्रीचा उपाय एकच: त्याच मॉडेलचा, तितक्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून बघणं.

गोल पिनच्या आत मधोमध जी बारीक सुई असते, तिच्याबद्दल थोडं सविस्तर. डेल आणि एचपीच्या बऱ्याच मशिनमध्ये या सुईतून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. सुई वाकली किंवा तिची तार आत तुटली तर लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि मशिन कमालीचं संथ होतं. मालक आधी बॅटरी बदलतो, मग विंडोज नव्याने टाकतो. दोष मात्र चार्जरमध्ये किंवा लॅपटॉपच्या चार्जिंग जॅकमध्ये असतो. टाइप-सीवाल्यांची वेगळी गंमत: १८-२० वॅटचा मोबाइल चार्जर ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला पुरत नाही, आणि साधी टाइप-सी केबल जास्तीत जास्त ६० वॅटच नेते. त्यापुढे पाच अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी: लगेच पॅनेलची ऑर्डर

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेला आहे. मग एचडीएमआयने टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड जिवंत आहे, हे घरीच कळलं. झाकण मागे-पुढे करताना चित्र येत-जात असेल तर संशय केबलवर घ्या. ती पॅनेलपेक्षा खूप स्वस्त असते. पॅनेल मागवायचंच असेल तर लॅपटॉपचं नाव सांगून भागत नाही. त्याच मॉडेलमध्ये ३० पिनचं आणि ४० पिनचं अशी दोन्ही पॅनेल येतात. पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो द्या.

टीव्हीवरही काही नाही? मग रॅम. खालचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. ही पायरी गाळून रॅमला हात लावला, तर तोवर ठणठणीत असलेला बोर्ड खरंच जायचा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, आपोआप तिरकी वर येते. सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा स्लॉटपासून लांब झटका. स्टिक साधारण तीस अंशांत तिरकी धरून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सारा, मग खाली दाबा. दोन्ही क्लिपांचा ‘टक’ आवाज यायला हवा. दोन स्टिक असतील तर एकेक लावून दोन्ही स्लॉट तपासा. रॅम डीडीआर-५ या नव्या प्रकारची असेल तर त्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळात बटण दाबून बंद करायचा मोह आवरा.

लोगोवर अडकलं की फॉरमॅट

फॉरमॅट शेवटी. आधी डेटा. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशिन त्या क्षणी बंद करा आणि डिस्क तपासणारी कुठलीही कमांड चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ती तासन्‌तास पळवते आणि उरलंसुरलंही घालवते. आवाज नसेल तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. तिथे क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ‘रीअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (नीट वाचता न येणारे) सेक्टर, म्हणजे डिस्कचे कप्पे, दाखवतं. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर कॉपी काढा आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाका. एसएसडी घेताना एम-डॉट-२ हा फक्त आकार आहे, हे लक्षात ठेवा. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, हे जोडणीचे दोन वेगळे प्रकार. स्लॉट कुठली घेतो, ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

चहा सांडला, तांदळात ठेवला

तांदूळ बोर्डावरचं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये जाते. मुळात बोर्ड पाण्याने जळतो त्याहून जास्त ओल्यात वीज खेळल्याने खराब होतो. म्हणून ‘चालू होतो का बघू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चार्जर काढा, बटण दाबून बंद करा, लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा, आणि शक्यतो त्याच दिवशी बॅटरी सोडवून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या. दुधा-साखरेचा चहा साध्या पाण्यापेक्षा वाईट, कारण पाणी उडून गेलं तरी चिकट थर मागे राहतो. जुलैत दुचाकीवरून सॅक भिजून आली तर ‘वरून कोरडा दिसतोय’ यावर जाऊ नका. हिरवट गंज दोन-तीन आठवड्यांनी बोलायला लागतो.

हाताला मुंग्या येतात? बोर्ड शॉर्ट नाही

पेठांतल्या जुन्या इमारतींमध्ये ही तक्रार नेहमीची. चार्जर लावलेला असताना धातूच्या बॉडीवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात. बऱ्याचदा कारण भिंतीत असतं: सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या कन्व्हर्टरवर लावलाय. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

बिजागरीला फेविक्विक लावणं हीही तशीच घाई. आत प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नट्या उपटलेल्या असतात. गोंद वर लागतो, ताण आतच राहतो, आणि पुढच्या वेळी केबलही तुटते. टचपॅड वर उचलला गेला असेल तर खाली बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता. दाबून बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका.

दुकानात देताना

बिटलॉकर म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. तिची रिकव्हरी की आधी काढून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच मशिनवर डिस्क नकळत एन्क्रिप्ट झालेली असते. मदरबोर्ड बदलला की विंडोज ती की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेलाच समजा. मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॉगिन केलंय, त्यात ती सापडते. जॉबशीटवर रॅम आणि एसएसडीची क्षमता व सीरियल नंबर लिहून घ्या, जुना पार्ट परत मागा.

‘चिप लेव्हल करू’, म्हणजे बोर्ड न बदलता त्यावरचा सुटा भाग दुरुस्त करू, असं म्हणाले तर ‘कुठला कंपोनंट बदलणार?’ असं थेट विचारा. शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा चार्जिंगची आयसी बदलणं ही चांगली, टिकणारी दुरुस्ती आहे. ग्राफिक्सच्या चिपला नुसती गरम हवा देऊन उठवणं मात्र थोड्या दिवसांची सोय, त्यासाठी पैसे मोजू नयेत.

दुरुस्ती की नवीन?

खर्चाची तुलना नवीन लॅपटॉपशी करू नका. दुरुस्तीनंतर तुमचं मशिन ज्या लायकीचं होईल, त्या लायकीचा वापरलेला लॅपटॉप कितीला मिळतो ते बघा. खर्च त्याच्या निम्म्याच्या वर गेला की थांबा.

इंटेलच्या पाच वर्षांपेक्षा जुन्या मशिनमध्ये आधी प्रोसेसरचा नंबर वाचा. आय-५ ८२५० म्हणजे आठवी पिढी, आय-५ ७२०० म्हणजे सातवी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून चालतं. सातव्या पिढीवर बोर्डाचा खर्च करू नये. एसएसडी घालून लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) मुलांना द्यायला मात्र ती छान. मग रॅम बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर ती बोर्डाला डाखलेली (सोल्डर केलेली) आहे. चार जीबी डाखलेली आणि रिकामा स्लॉटही नाही, अशा मशिनवर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. बॅटरी, कीबोर्ड, पंखा, एसएसडी यांपैकी एकच गेलं असेल तर फार विचार न करता दुरुस्त करा.

लॅपटॉप काढूनच टाकायचा ठरला तर एसएसडी आधी काढून घ्या. बाहेरच्या केसमध्ये घातली की पेनड्राइव्हसारखी वापरता येते. उरलेलं कचऱ्याच्या बादलीत नको, ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या. बॅटरी सुटी असेल तर तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावून, आणि फुगलेली असेल तर ते देतानाच सांगून.