जुना होम कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडताना या चुका टाळा

स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ किंवा बीबीसी मायक्रो या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांपैकी एखादे यंत्र माळ्यावरून खाली उतरते, टीव्हीला जोडले जाते, पडदा काळाच राहतो आणि अर्ध्या तासाच्या आत त्याचे स्क्रू निघालेले असतात. ही घाई मला मुळीच समजत नाही. पडदा काळा आहे म्हणजे यंत्र मेले आहे, असे नव्हे. बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सुरांत वाजतो. स्पेक्ट्रमची कळ दाबली की आतल्या छोट्या स्पीकरमधून टिक असा आवाज येतो. हा आवाज ऐकू येत असेल, तर दोष आधी यंत्राच्या बाहेर शोधावा.

४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमच्या मागचे सॉकेट दिसायला टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटसारखेच असल्यामुळे लोक एव्ही केबल जोडून मोकळे होतात. प्रत्यक्षात तेथून अँटेनाचा सिग्नल बाहेर पडतो, यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनलवर, म्हणजे सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवर. ती केबल अँटेनाच्या सॉकेटलाच लागली पाहिजे आणि ॲनालॉग चॅनल हाताने शोधला पाहिजे, कारण ऑटो सर्च हा सिग्नल कित्येकदा ओलांडून पुढे जातो. चित्राचा अँटेना-सिग्नल बनवणाऱ्या आतल्या मॉड्युलेटरमध्ये थोडा फेरफार करून त्याच सॉकेटवर कंपोझिट, म्हणजे पिवळ्या एव्ही सॉकेटला चालणारा, सिग्नल आणता येतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्यानंतरही चित्र दिसले नाही, तर फेरफार करताना सोल्डर केलेला तोच सांधा पुन्हा उकरायला घेऊ नये.

पुण्यातील एका तरुणाने नेमके हेच केले. त्याने पहिल्याच वेळी फेरफार बरोबर केला होता. परंतु त्याच्या टीव्हीला पिवळे सॉकेट नव्हते, हेडफोनसारखे साडेतीन मिलिमीटरचे एव्ही छिद्र होते, आणि त्यात त्याने घरातल्या जुन्या कॅमकॉर्डरची केबल खुपसली होती. पडद्यावर एक फिकट, सरकती सावली आणि स्पीकरमधून घरघर एवढेच मिळाल्यावर त्याने तोच सांधा इतक्या वेळा तापवला, की बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटून आली. "काका, आतली चिपच उडाली असणार, नवी मागवू का?" या प्रश्नासह तो माझ्याकडे आला. मी मल्टिमीटर केबलला लावला. या चार कड्यांच्या पिनमध्ये ग्राउंड आणि व्हिडिओ यांची जागा सगळीकडे सारखी नसते; टीव्हीला जेथे ग्राउंड हवे होते, तेथे या केबलचा व्हिडिओ येत होता. पट्टीच्या जागी बारीक तार जोडली, त्या टीव्हीला चालणारी केबल लावली आणि पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची ओळ उमटली. चिपला काहीही झालेले नव्हते.

माझी सवय अशी आहे की संगणकाला हात लावण्यापूर्वी तीच केबल आणि तेच सॉकेट एखाद्या चालू डीव्हीडी प्लेयरवर तपासावे. या कामाला दोन मिनिटे लागतात, तरीही ते कोणी करत नाही.

दुसरा रोग स्वस्त अडॅप्टरचा आहे. कमोडोरच्याच अमिगा संगणकाच्या आरजीबी सिग्नलची (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून) आडवी वारंवारता, म्हणजे सेकंदाला काढल्या जाणाऱ्या ओळींचा वेग, सुमारे १५.६ किलोहर्ट्झ असते आणि सामान्य व्हीजीए मॉनिटर ३१.५ किलोहर्ट्झच्या खाली उतरत नाही. पिन जुळवून देणारा अडॅप्टर पिनाच जुळवतो, वारंवारता बदलत नाही. कंपोझिटचे एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डब्यांचे दुखणे वेगळे आहे. यांतली बहुतेक यंत्रे सुमारे ३१२ ओळींचे, इंटरलेस नसलेले (म्हणजे एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत न काढलेले) चित्र पाठवतात. डबा त्याला प्रसारणाचे इंटरलेस चित्र समजून अक्षरांच्या कडा विस्कटतो आणि वर ५० हर्ट्झचे ६० करून सरकणाऱ्या चित्राला धक्के देतो. पैसे साठवून जुन्या संगणकांसाठीच बनवलेला रूपांतरक घ्यावा, कंपोझिटसाठी रेट्रोटिंक २एक्स, आरजीबीसाठी ओएसएससी आणि बीबीसी मायक्रोसाठी आरजीबीटूएचडीएमआय, असे माझे मत आहे. आपले टीव्ही ५० हर्ट्झ सहसा निमूटपणे स्वीकारतात. ऑफिसातील मॉनिटरच्या बाबतीत मात्र आधी खात्री करून घ्यावी.

बीबीसी मायक्रोचे कंपोझिट चित्र कृष्णधवल दिसते, हा बिघाड नाही. रंगासाठी आतल्या एस३९ या जोडाची दोन टोके एकमेकांना जोडावी लागतात. इंग्लंडहून आलेल्या कमोडोर ६४ चे चित्र अँटेनावर येते पण आवाज येत नाही, कारण तेथे ध्वनी चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपल्याकडे ५.५ वर. टीव्हीच्या मेनूत ध्वनीसाठी 'आय' ही पद्धत निवडावी. स्पेक्ट्रमच्या आधीच्या सिंक्लेअर झेडएक्स८१ चे चित्र काळपट दिसत असेल, तर त्यातील चित्र तयार करणारी जुनी यूएलए चिप नव्या टीव्हीला काळ्या रंगाची पातळी ठरवण्यासाठी लागणारा सिग्नलचा तुकडा पाठवतच नाही. ब्राइटनेस वाढवत बसू नये.

अमेरिकेतून आणलेल्या यंत्राचे रंग दिसत नसतील, तर टीव्हीची रंगपद्धत तिकडच्या एनटीएससीवर न्यावी. अर्थात त्याआधी पॉवर सप्लायवरचे लेबल वाचावे, कारण तो १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीतून २३० येतात.