सरकारी पोर्टलवर अर्ज भरताय? आधी स्कॅन, मग लॉगिन

दाखला, परवाना, घरपट्टी, काहीही ऑनलाइन करायचं असेल तर लॉगिन करायच्या आधीच सगळी कागदपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण थोडा वेळ काही हालचाल नाही झाली की सेशन संपतं आणि भरलेलं सगळं जातं, फार चिडचिड होते. फाइल मोठी आहे म्हणून अपलोड होत नसेल तर फोटो क्रॉप करत बसू नका, कडेचा शिक्का किंवा सही कापली गेली तर अर्ज परत येऊ शकतो. त्याऐवजी ३०० डीपीआयचं (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके) स्कॅन १५० वर आणा, पिक्सेल थेट पाव होतात आणि अक्षरं तरी नीट वाचता येतात. रंगाची अट नसेल तर ग्रेस्केल (रंग काढून फक्त काळ्या-करड्या छटा) करा, फाइल अजून हलकी होईल.

आणि हे खरंच महत्त्वाचं, पैसे कटले पण पावती नाही आली तर लगेच परत पेमेंट मारू नका!! ट्रान्झॅक्शन नंबर लिहून घ्या, पोर्टलवर पेमेंट स्टेटस बघा, बऱ्याचदा पावती उशिरा अपडेट होते. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट मात्र त्याच क्षणी काढा.