रागाचंही शिकवावं लागतं: कोकणातल्या छोट्या शाळेसाठी

'रागावर ताबा ठेवावा' हा सुविचार पाचवीतल्या मुलाला पाठ असतो. परिपाठात तो खणखणीत म्हणतो आणि मधल्या सुट्टीत चेंडूवरून दुसऱ्याची कॉलर धरतो. यात ढोंग नाही. राग आल्यावर हातांचं काय करायचं, तोंडातून कोणतं वाक्य काढायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. पाढे आपण म्हणून घेतो, चुकले की पुन्हा म्हणून घेतो. भावना ओळखणं, आवरणं, भांडण मिटवणं हेही तसंच शिकवायला हवं: थोडं थोडं, नेमाने आणि करून घेऊन.

यात अभ्यास बुडतो, ही पालकांची पहिली शंका. २०११ साली अमेरिकी संशोधकांनी अशा २१३ शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. विद्यार्थी होते सुमारे २ लाख ७० हजार. ज्यांना ही कौशल्यं शिकवली, ती मुलं अभ्यासात इतरांपेक्षा ११ पर्सेंटाइलने, म्हणजे शंभर जणांच्या रांगेत साधारण ११ जागांनी, पुढे दिसली. चांगला परिणाम देणाऱ्या कार्यक्रमांत चार गोष्टी होत्या: टप्प्याटप्प्याने शिकवणं, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेणं, त्यासाठी वेगळा वेळ राखणं आणि नेमकं काय शिकवतोय ते उघडपणे सांगणं. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे, पण धोरणातली ओळ वेळापत्रकात उतरवायची जबाबदारी शेवटी शिक्षकाचीच.

कोकणात हे काम शाळेवर जास्त येतं. अनेक मुलांचे वडील मुंबईला, घरी आजी-आजोबा. बंदरावरच्या मुलांचे वडील दिवसेंदिवस बोटीवर. वाडीतली शाळा पंधरा-वीस पटाची; दुसरीत ज्याच्याशी बिनसलं त्याच्याच शेजारी सातवीपर्यंत बसायचं, कारण दुसरी तुकडीच नाही. मोठ्या शाळेत मूल मित्र बदलू शकतं, इथे त्याला भांडण मिटवायलाच शिकावं लागतं.

वेळ कुठून काढायचा

आठवड्यातून तीन दिवस, परिपाठानंतर २० मिनिटं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठेवा, म्हणजे मधल्या दिवशी केलेलं वापरून पाहता येतं. दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा एक गोल आणि तिसरी ते सातवीचा दुसरा. गोल म्हणजे खरोखरचा गोल, पडवीत जमिनीवर, शिक्षकही खालीच. पहिल्याच दिवशी तीन नियम तक्त्यावर लिहा: एक बोलताना बाकीचे ऐकतील, नको असेल तर 'पुढे' म्हणून पाळी सोडता येईल, इथलं बोलणं वाडीत न्यायचं नाही. दुसरा नियम अनेक जण गाळतात. मग मूल दडपणाखाली काहीतरी बनवून सांगतं आणि पुढे कायम तसंच करतं.

आधी शब्द

जून-जुलैचे पहिले सहा आठवडे फक्त शब्दांना द्या. आठवड्याला दोन, म्हणजे बारा: आनंद, राग, भीती, वाईट वाटणं, लाज, हेवा, कंटाळा, रुसवा, धास्ती, हुरहुर, अभिमान, अपराधी वाटणं. मूल घरी मालवणी बोलत असेल तर 'माका राग इलो' हे उत्तर पूर्ण उत्तर समजा. प्रमाण भाषेत दुरुस्त करायला गेलात की ते गप्प होतं.

प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न: हे अंगात कुठे कळतं? केव्हा येतं? थोडं असताना काय म्हणायचं आणि खूप असताना काय? 'कानशिलं तापतात', 'पोटात गोळा येतो', 'हात शिवशिवतात' ही उत्तरं मुलांकडूनच येतात. ती तशीच तक्त्यावर लिहा, कारण राग भडकण्याआधी मुलाला अंगातली खूणच ओळखता यायला हवी. भावनेला नाव देण्याचा मेंदूवर काय परिणाम होतो, ते २००७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन तपासलं. चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की धोक्याची चाहूल घेणारा मेंदूचा भाग कमी पेटलेला दिसला. 'तुला काय वाटतंय ते सांग' या वाक्याचा उपयोग आहे तो असा. पण त्यासाठी शब्द आधी हवेत.

रोजच्या हजेरीसाठी चार करवंट्या पुरतात: बरं, राग, भीती, उदास. प्रत्येक मुलाला एक शिंपला द्या, आतल्या बाजूला मार्करने त्याचा हजेरी क्रमांक. शाळेत आल्यावर शिंपला हव्या त्या करवंटीत, क्रमांक खाली करून. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे सगळे शिंपले 'बरं'मध्ये. याचा अर्थ सगळी मुलं बरी आहेत असा नाही; बाकीचे बघतायत, एवढाच. करवंट्या पाण्याच्या पिंपामागे ठेवा आणि एकेकाला जाऊ द्या. शिंपल्यांवरून वर्गात कुणाला काही विचारायचं नाही. एकाच मुलाचा शिंपला सलग तीन दिवस 'उदास'मध्ये दिसला तर झाडांना पाणी घालताना शेजारी उभं राहून बोला. समोर बसवून डोळ्यांत बघत विचारलं की मुलाला ती उलटतपासणी वाटते.

श्वास शांत असतानाच शिकवा

चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत तोंडाने बाहेर, असे पाच श्वास. मिनिटभरात होतं. बाहेरचा श्वास लांबवला की हृदयाची गती उतरते, म्हणून सहाचा आकडा महत्त्वाचा. मुलं उलटं करतात: जोरात आत ओढतात आणि भसकन सोडतात, मग चक्कर येते. तोंडापुढे तळवा धरून 'गरम चहावर फुंकर घाल, पण सांडू नको' असं सांगा. डोळे मिटायची सक्ती नको. पूर पाहिलेल्या मुलाला मिटल्या डोळ्यांपुढे तेच दिसू शकतं. त्याने जमिनीवरच्या एका ठिपक्याकडे पाहावं. दम्याच्या मुलाला मोजदाद नको, त्याने आपल्या चालीने श्वास घ्यावा.

हे प्रत्येक गोलाच्या सुरुवातीला, महिनाभर. सर्वांत मोठी चूक म्हणजे मूल संतापलेलं असताना पहिल्यांदाच 'श्वास घे' म्हणणं. तेव्हा ते शिक्षेसारखं लागतं.

भांडण झाल्यावर

आधी दोघांना वेगळं करा, पाणी द्या आणि थांबा. निदान १० मिनिटं, मूल अजून थरथरत असेल तर जास्त. तापलेल्या डोक्याने केलेली चौकशी वाया जाते. मग दोघांना शेजारी-शेजारी बसवा आणि एकेकाकडून तीन वाक्यं घ्या: 'असं झालं…', 'तेव्हा मला … वाटलं', 'मला … हवंय'. पहिल्या वाक्यात फक्त दिसलेलं किंवा ऐकलेलं. 'तो नेहमीच माझ्या मागे लागतो' चालणार नाही, 'त्याने माझी पट्टी न विचारता घेतली' चालेल. दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी ऐकलेलं परत सांगायचं, आणि 'बरोबर' असं पहिल्याने म्हटल्यावरच त्याची पाळी. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते, पण अर्धं भांडण तिथेच उतरतं. शेवटी दोघांनी आजच्या आज करता येईल अशी एक गोष्ट ठरवायची. दुसऱ्या दिवशी ती झाली का, ते विचारा.

'सॉरी म्हण आणि हात मिळव' हे बंद करा. मनात नसताना घेतलेली माफी जिंकणाऱ्याला माज देते आणि हरणाऱ्याला डूख.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून ओळखा. दोघं बरोबरीचे असतील तर ते भांडण. एक जण ताकदीने किंवा संख्येने भारी असेल आणि पुन्हा पुन्हा त्याच मुलाला छळत असेल तर ती दादागिरी. दादागिरीत समोरासमोर बसवणं घातक: छळलेलं मूल तुमच्यासमोर 'काही नाही झालं' म्हणतं आणि घरी जाताना साकवावर मार खातं. दोघांशी वेगवेगळं बोला, जाण्या-येण्याची सोबत बदला आणि बघणाऱ्या मुलांना काम द्या: छळ दिसला की त्या मुलाला 'चल, खेळायला ये' म्हणून तिथून न्यायचं.

वाड्यांचे गट मोडण्यासाठी

वाडीप्रमाणे बसणं, जेवणाच्या पंगतीतही तेच, हे बहुतेक शाळांत दिसतं. हापूसच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं, पावसाळ्यानंतर भट्ट्यांवर जाऊन परतणारी कातकरी मुलं तर कडेलाच राहतात. 'मिळून मिसळून राहा' सांगून हे सुटत नाही. एकमेकांवाचून काम अडेल अशी रचना करावी लागते. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 'जिगसॉ' पद्धत बसवली ती याच विचाराने.

समजा पाठ खारफुटीचा आहे. त्याचे चार तुकडे करा: मुळं, तिथले मासे आणि चिंबोऱ्या, लाटांपासून बचाव, तोडीचे परिणाम. १ ते ४ आकडे म्हणवून मुलांचे चौघांचे गट पाडा, म्हणजे वाडी आपोआप फुटते. प्रत्येकाला एकच तुकडा. आधी १० मिनिटं सगळ्या गटांतले 'मुळं'वाले एकत्र बसून आपला भाग पक्का करतात, तसेच बाकीचे. मग आपल्या गटात परतून प्रत्येकाने ५ मिनिटं बाकीच्यांना शिकवायचं. शेवटी चारही भागांवर छोटी चाचणी, प्रत्येकाची वेगळी. पहिली बैठक वगळली तर वाचनात कच्चं असलेलं मूल तोंडघशी पडतं आणि गट त्याच्यावरच चिडतो. वाचता न येणाऱ्याला चित्रांचा तुकडा द्या किंवा मजकूर आधी वाचून दाखवा. एकदा करून काही होत नाही. आठवड्यातून एक पाठ असा घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी गट बदला.

कोकणातलं वर्ष

मुलांच्या मनाचं वेळापत्रक इथे ऋतूंवर चालतं. यांत्रिक मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि वडील समुद्रात जातात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात 'धास्ती' शब्द पुन्हा घ्या. गणपतीनंतर चाकरमानी परततात, तेव्हा शिंपले 'उदास'कडे सरकले तर नवल नाही. त्या आठवड्यात मुंबईला पत्र लिहिणं, फोनवर काय बोलायचं ते ठरवणं ही कामं ठेवा.

पावसाचा विषय वेगळा. २०२० चं निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर आणि महाडजवळ तळियेची दरड, २०२३ ला इर्शाळवाडी. या भागातल्या मुलांना 'घाबरू नका' म्हणून धीर येत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की येतो. जूनमध्येच सांगून ठेवा: लाल इशारा आला तर शाळा काय करेल, कोणत्या खोलीत थांबायचं, कुणाच्या हाती मूल देणार, फोन लागला नाही तर काय. हे एकदा करूनही पाहा. पुराचं चित्र काढायला लावू नका. स्वतःहून काढलं तर शेजारी बसा.

तुमचा आवाज, तुमचा हात

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, छडी दाखवून राग आवरायला शिकवता येत नाही, कारण मूल छडीच शिकतं. 'मला आत्ता राग आलाय, दोन मिनिटं थांबते' हे वर्गासमोर मोठ्याने म्हणा आणि खरंच थांबा.

मूल मारहाणीबद्दल किंवा लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू लागलं तर शांतपणे ऐका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. खोदून विचारू नका. त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा. पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'घरच्यांशी बोलून बघू' हा पर्याय नाही. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

मोजायचं काय

भावनांना गुण देऊ नका. 'स्वभाव रागीट' असा शेरा प्रगतिपुस्तकात कधीच नको, तो मुलाला चिकटतो. त्याऐवजी एका वहीत दर आठवड्याला तीनच आकडे लिहा: मधल्या सुट्टीतली भांडणं किती, त्यातली मुलांनी स्वतः मिटवलेली किती, पंगतीत एकटी बसलेली मुलं किती. सुरुवातीला भांडणांचा आकडा वाढू शकतो, कारण मुलं सांगायला लागतात. घाबरून बंद करू नका. हेच आकडे शाळा व्यवस्थापन समितीत ठेवा. आजी-आजोबांना त्या बैठकीला आवर्जून बोलवा आणि तीन वाक्यांची पद्धत त्यांच्याकडूनही करून घ्या.

दिवाळीनंतर गोल चालवायला सहावी-सातवीची मुलं तयार करा, आठवड्याला दोघं. तुमची बदली झाली तर वही, करवंट्या आणि ही मुलं नव्या शिक्षकाच्या ताब्यात द्या, आणि पहिला गोल त्यांच्यासमोर मुलांनाच घेऊ द्या.